नौका त्यांची, सही तुमची

पत्र (मालवण तालुक्यातून, थोडक्यात):

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, एक मुलगी आहे. संमतीने घटस्फोटाचा अर्ज तीन महिन्यांपूर्वी दाखल केला, दुसरी तारीख अजून व्हायची आहे. मिस्टरांनी २०२१ मध्ये पर्यटकांना फिरवायची नौका घेण्यासाठी इथल्या एका पतसंस्थेतून ९ लाख काढले. ‘घरचंच आहे, सही कर’ म्हणाले म्हणून मी जामीनदार झाले. दुसरे जामीनदार त्यांचे मित्र. आता सहाय्यक निबंधकांची कलम १०१ ची नोटीस माझ्या नावावर आली आहे. येणे बाकी ७ लाख ८६ हजार, बारा दिवसांनी हजर राहा. नौका मिस्टरांनी गेल्या पावसाळ्याआधीच विकली असं बाहेरून कळलं. शिवाय कुडाळच्या फ्लॅटचं बँकेचं गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे, हप्ता २४,६०० रुपये, दोन हप्ते थकले आहेत. माझ्या हातात ६१ हजार येतात. आमच्या तडजोडीच्या कागदात ‘सर्व कर्जे पती फेडतील’ असं स्पष्ट लिहिलंय, मग नोटीस मला कशी? भाऊ म्हणतो, देवगडच्या बागेतला तुझा हिस्सा आधी माझ्या नावावर कर, नाहीतर जप्त होईल. काय करू?”

ताई, आधी नोटिशीच्या तारखेचं बोलू. बाकी सगळ्याला थोडी सवड आहे, तिला नाही.

पतसंस्थेला तुमच्यावर दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडे अर्ज करते, छोटीशी सुनावणी होते आणि वसुली दाखला निघतो. तो दाखला हातात आला की कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतला नियम १०७ यांच्या आधारे वसुली अधिकारी पगार, खातं, जंगम आणि स्थावर यांपैकी कशावरही जप्ती आणू शकतो. बरेच जामीनदार इथेच चुकतात. कर्ज आपलं नाही म्हणून पोस्टमनला पाकीट परत पाठवतात, किंवा ‘मुख्य कर्जदार जाईल की’ म्हणून घरी बसतात. दाखला एकतर्फी निघतो. मग त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर तो दाखला कळल्यापासून दोन महिन्यांत करावा लागतो, आणि त्याआधी वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे संस्थेत भरावे लागतात. तुमच्या आकड्याचे निम्मे म्हणजे ३ लाख ९३ हजार. जे म्हणणं बारा दिवसांनी एक पैसा न भरता मांडता येतं, तेच नंतर मांडायला चार लाखांच्या घरात जावं लागेल. तेव्हा त्या तारखेला रजा टाका आणि हजर राहा. वकील सोबत असेल तर उत्तम. नसेल तर स्वतः लेखी अर्ज देऊन कागदपत्रांची मागणी करा, म्हणणं मांडायला मुदत मागा आणि अर्जाच्या दुय्यम प्रतीवर पोच घ्या.

मागायचे कागद असे: मिस्टरांचा कर्ज मागणी अर्ज, संचालक मंडळाचा मंजुरीचा ठराव, कर्जरोखा, तुमच्या सहीचा जामीनकरार, नौकेच्या तारणाचे कागद, आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा खाते उतारा. ‘येणे बाकी’ची एका ओळीची चिठ्ठी चालणार नाही. मुद्दल किती, व्याज कोणत्या दराने, दंडव्याज कधीपासून, इतर खर्च कसला, आणि कर्जदाराचे शेअर्स व ठेव असेल तर ती वळती केली का, हे उताऱ्यातून दिसलं पाहिजे. ९ लाखांचं कर्ज चार वर्षं फेडूनही बाकी पावणेआठ लाखांवर कशी, याचं उत्तर त्यातच असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, नोटीस मला कशी? निव्वळ लग्नामुळे नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर येत नाही. तुम्ही सही केली नसती तर संस्थेला तुमच्याकडे बघताही आलं नसतं. (गोव्यात सासर असलेल्या भगिनींनी एवढ्यावर विसंबू नये. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि पती-पत्नीची मालमत्ता व देणी यांचा हिशेब वेगळा मांडला जातो.) तुमच्यावर जबाबदारी आली ती जामीनकरारामुळे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, करारात काही वेगळं ठरलं नसेल तर. ‘आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या निकालात १९६८ सालीच ते स्पष्ट केलं. आणि संस्था सोप्या बाजूने जाते. नौकेचा धंदा हंगामी, पावसाळ्यात बंद. तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला, सरकारी, सापडायला सोपा.

तडजोडीच्या कागदावर संस्थेची सही नाही. तो करार तुमच्या दोघांतला आहे. त्याच्या जोरावर तुम्ही मिस्टरांकडून पैसे मागू शकता, संस्थेला अडवू शकत नाही. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

पण जामीनदार म्हणजे अगदी हातपाय बांधलेला माणूस नव्हे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: नौका विकली गेली.

करार अधिनियमाचं कलम १४१ जामीनदाराला तारणाचा फायदा देतं. धनकोने तारण गमावलं, किंवा जामीनदाराला न विचारता हातचं सोडलं, तर तारणाच्या किमतीएवढा जामीनदार मोकळा होतो. आता शोधायचं ते हे. नौका संस्थेकडे तारण होती का? असेल तर ती बहुधा नजरगहाण असणार, म्हणजे ताबा मिस्टरांकडे आणि बोजा संस्थेचा. विक्रीला संस्थेने नाहरकत दिली होती का? दिली असेल आणि विक्रीचे पैसे कर्जखात्यात आले नसतील, तर तुमचा मुद्दा भक्कम आहे. संस्थेला न सांगता मिस्टरांनी परस्पर विकली असेल तर मुद्दा कमकुवत होतो, पण संपत नाही: बोजा नोंदवला होता का, विमा चालू होता का, संस्थेने वर्षातून एकदा तरी तारणाची पाहणी केली का, कळल्यावर काय कारवाई केली, हे प्रश्न विचारता येतात. नौकेची नोंदणी जिथे झाली त्या बंदर कार्यालयातून आजच्या मालकाची नोंद मिळवा. ती आणि खाते उतारा शेजारी ठेवा. विक्रीच्या महिन्यात खात्यात मोठी जमा दिसते का, एवढं पाहिलं तरी निम्मं चित्र कळतं.

दुसरी गोष्ट तपासायची, कर्ज मध्ये नवं-जुनं झालं का. पतसंस्थांत हे सर्रास चालतं. थकबाकी दिसू नये म्हणून मार्चअखेर जुनं खातं नव्या कर्जातून बंद करतात, कधी रक्कम वाढवून. नव्या कर्जरोख्यावर तुमची सही नसेल तर जुना जामीन नव्या कर्जाला लागू होत नाही, असं म्हणता येतं. खातं तेच ठेवून व्याजदर किंवा मुदत तुम्हाला न विचारता बदलली असेल, तर कलम १३३ प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरत्या तुम्ही मोकळ्या होता. पण इथे एक अडसर येतो. छापील जामीनकरारात बहुतेक वेळा एक कलम असतं, की कर्जदाराला मुदत दिली, अटी बदलल्या, तारण सोडलं तरी जामीनदाराची हरकत नाही. तसं लिहून दिलेलं असेल तर न्यायालयं ते सहसा मानतात. म्हणून करार वाचल्याशिवाय कुठल्याही मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका.

तिसरी गोष्ट, सही तुमचीच आहे ना. एकाच घरातल्या कर्जात पुरवणी कागदांवर दुसऱ्यानेच सही ठोकलेली निघते. तुमची नसेल तर पहिल्याच लेखी म्हणण्यात तसं स्पष्ट नाकारा; पहिल्यांदा गप्प राहून दुसऱ्या तारखेला नाकारलेली सही कोणी मनावर घेत नाही. तुमची असेल तर ‘मी न वाचता केली’ या बचावात मात्र काही दम नाही. त्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या जामीनदाराला फोन करा, मिस्टरांचे मित्र असले तरी. कलम १४६ प्रमाणे तुमच्या दोघांत भार निम्मा-निम्मा. संस्था एकाकडून पूर्ण वसूल करू शकते, पण ज्याने जास्त भरलं तो दुसऱ्याकडून त्याचा हिस्सा मागू शकतो. तारणाचा प्रश्न त्यांचाही आहे. दोघं एकाच तारखेला, एकाच म्हणण्यावर उभे राहिलात तर निबंधकांसमोर त्याला वजन येतं.

पगाराचं. संस्थेने २०२१ मध्ये जामीनकराराबरोबर पगारातून कपातीचं संमतीपत्रही घेतलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली संस्था वसुली दाखल्याची वाटही न बघता तुमच्या कार्यालयाकडे कपात मागू शकते. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन असं पत्र आलंय का, विचारा, आलं असेल तर प्रत घ्या. कपात किती, हे त्या संमतीपत्राच्या मजकुरावर ठरेल. संमतीपत्र नसेल आणि जप्तीच आली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची मर्यादा वकिलाला मांडायला सांगा: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. ६१,००० धरले तर जास्तीत जास्त २०,००० महिन्याला, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनला हात लावता येत नाही. धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, तोही त्याच कलमाने सुरक्षित आहे.

आणि भाऊ म्हणतोय ते हक्कसोडपत्र आज करू नका. हे जरा ठासून सांगते. बागेच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव सामायिक खातेदार म्हणून असेल, तर जप्ती आली तरी ती तुमच्या अविभक्त हिश्श्यापुरतीच येते. भावांच्या हिश्श्याला, त्यांच्या झाडांना धक्का लागत नाही. उलट नोटीस आल्यावर घाईने केलेलं हक्कसोडपत्र ‘धनकोला चुकवण्यासाठी केलं’ म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली संस्था रद्द करून मागू शकते. म्हणजे निबंधकांसमोर तुमची बाजू डागाळेल, आणि संस्थेचा प्रश्न मिटला तरी बागेतला हिस्सा भावाकडे गेलेला असेल. तो परत मिळणं कोकणात किती अवघड असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घटस्फोटानंतर माहेरची तीच जमीन तुमचा आणि मुलीचा आधार आहे. भावाचा हेतू चांगला असेलही. त्याला म्हणा, मदत करायचीच तर सुनावणीला सोबत ये.

आता गृहकर्ज. इथे तुम्ही जामीनदार नाही, सहकर्जदार आहात, म्हणजे बँकेच्या लेखी कर्ज तुमचंच. पहिलं काम, फ्लॅटच्या करारनाम्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे घर कोणाच्या नावावर ते दाखवणारा नोंदणीचा उतारा, काढा. दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही. पत्रात तुम्ही ‘कर्ज दोघांच्या नावावर’ असं लिहिलंय. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे असं लिहिलेलं नाही. नोकरदार बायकोचा पगार दाखवून कर्जाची रक्कम वाढवायची आणि करारनामा एकट्या नवऱ्याच्या नावावर ठेवायचा, हे फार घरांत झालेलं असतं. तसं निघालं तर तुमच्या वाट्याला पूर्ण देणं आणि शून्य मालकी. मालकी नसल्यामुळे हप्ते भरूनही प्राप्तिकरातली व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही.

दोन हप्ते थकलेत. सगळ्यात जुनी थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (बँकेला दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस. त्यावर लेखी हरकत घेतलीत तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर फ्लॅटचा ताबा. त्याविरुद्ध ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण ते आपल्या जिल्ह्यात नाही. वकील, प्रवास, रजा सगळं बाहेरचं. शिवाय थकबाकी दोघांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढते. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागाल तेव्हा ती दिसेल.

म्हणून माझं मत असं: पतसंस्थेचे पैसे हिशेब बघितल्याशिवाय घाबरून भरू नका, पण गृहकर्जाचा एक हप्ता जमेल तसा आत्ताच भरा. एक हप्ता आला की सगळ्यात जुनी थकबाकी आधी वळती होते आणि ९० दिवसांची रेषा महिनाभर लांब जाते. रेषा ओलांडल्यावर मात्र एका हप्त्याने भागत नाही, पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. पैसे स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरा, रोख नको, मिस्टरांच्या खात्यावर पाठवणं तर नकोच. त्याच दिवशी मिस्टरांना आणि वकिलाला एक ईमेल टाका: ‘खातं एनपीए होऊ नये म्हणून हप्ता मी भरला आहे, तुमच्या हिश्श्याचा माझा हक्क राखून.’

बँकेकडे सहकर्जदार म्हणून नाव वगळण्याचा अर्ज कराल तर शाखेत पहिलं उत्तर ‘असं होत नाही’ हेच मिळेल. एकट्या अर्जावर होत नाही, हे खरंच. बँक दोन उत्पन्नं बघून कर्ज देते. एक काढायचं तर उरलेल्याचं उत्पन्न हप्ता पेलतं का, हे ती तपासणार. मिस्टरांचं एकट्याचं पेलत नसेल तर त्यांचा भाऊ किंवा आई सहकर्जदार म्हणून येऊ शकते. किंवा दुसऱ्या बँकेतून त्यांनी एकट्याच्या नावावर कर्ज घेऊन हे बंद करायचं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. तेही जमत नसेल तर फ्लॅट विकणं. बाजारात तो पडून राहील, भाव कमी येईल, हे सगळं मान्य. तरी दोघांनाही हप्ता पेलत नसताना तोच मार्ग कमी नुकसानीचा. खरेदीदाराची बँक थेट तुमच्या कर्जखात्यात पैसे भरते. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

फ्लॅट तुम्हीच घ्यायचा ठरला, तर वेळ महत्त्वाची. राहतं घर पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तुम्ही पत्नी राहत नाही, आणि तोच व्यवहार बाजारभावाच्या टक्क्यांवर जातो. म्हणजे बँकेची लेखी परवानगी आणि बक्षीसपत्र, दोन्ही घटस्फोटाच्या आधी.

हे सगळं मिस्टर का करतील? कारण तुमची दुसरी सही अजून व्हायची आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. तोपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा सुरेष्टा देवी निकाल तसा आहे. तुमचे तीन महिने झालेत. सहा महिन्यांची वाट कमी करून घेण्याची सोय २०१७ पासून आहे. समोरून तसा अर्ज आला तर कर्जांचा निकाल लागेपर्यंत त्यावर सही करू नका. दुसऱ्या तारखेनंतर ‘बघतो, भरतो’ एवढंच हाती राहतं.

‘सर्व कर्जे पती फेडतील’ हे वाक्य बदलून घ्या. त्यात कोणतं कर्ज, खाते क्रमांक, आजची बाकी, तारीख, चुकलं तर काय, यातलं काहीच नाही. तडजोडीच्या पुरसीसमध्ये (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात) साधारण असं हवं: अमुक पतसंस्थेच्या अमुक खात्याची पूर्ण बाकी पती अमुक तारखेपर्यंत भरतील आणि पत्नीच्या जामीनमुक्तीचं संस्थेचं पत्र व बेबाकी दाखला न्यायालयात दाखल करतील, गृहकर्जातून पत्नीचं नाव वगळल्याचं बँकेचं पत्र दाखल करतील, ही दोन्ही पत्रं आल्यावरच दुसरी संमती नोंदवली जाईल, तरीही या कर्जांपोटी पत्नीला काही भरावं लागलं तर पती ते व्याजासह ३० दिवसांत देतील, आणि ही हमी पती न्यायालयाला देत आहेत. शेवटचे शब्द वगळू देऊ नका. न्यायालयाला दिलेली हमी मोडली तर अवमानाची कारवाई मागता येते. नुसत्या करारभंगासाठी वसुलीच करत बसावं लागतं.

एकरकमी पोटगी ठरली असेल तर तिच्याबरोबरच कर्जाएवढी वेगळी रक्कम पतसंस्थेच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टने थेट खात्यात जाऊ दे. पण ते मिस्टरांचं देणं आहे, तुमच्या पोटगीत धरू देऊ नका. मुलीच्या खर्चाची रक्कम तर यात अजिबात मिसळू नका. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून ठरलेलं आहे. तसं प्रतिज्ञापत्र द्यायची वेळ आली तर दोन्ही कर्जं तुमच्याही देण्यांत लिहा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडा. मिस्टर ‘मी कर्ज फेडतोय, पोटगी कुठून देऊ’ म्हणाले, तर कोण काय फेडतंय हे कागदावर दिसेल. नौकेच्या विक्रीची रक्कम त्यांच्या प्रतिज्ञापत्रात आली नसेल, तर तिथेच विचारता येईल.

समजा एवढं करूनही पतसंस्थेला काही भरावंच लागलं. मग आधी संस्थेकडे एकरकमी परतफेडीची सवलत आहे का, लेखी विचारा. थकीत खात्यात व्याज कमी करून घ्यायला जागा असते. भरताना पावतीवर ‘जामीनदार म्हणून’ असे शब्द आग्रहाने लिहून घ्या. करार अधिनियमाच्या कलम १४० आणि १४५ प्रमाणे तुम्ही भरलेल्या रकमेपुरत्या संस्थेच्या जागी उभ्या राहता आणि ती मिस्टरांकडून वसूल करू शकता. मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं. पावती मिस्टरांच्या नावाने फाडली गेली तर पुढे ‘तिने भरले’ हे सिद्ध करण्यातच वर्ष जातं. ‘बाकी कबूल आहे’ अशा छापील कागदावर सही मागितली तर हिशेब पटेपर्यंत करू नका. त्या सहीपासून वसुलीची मुदत नव्याने मोजली जाते.

संस्थेला तुम्ही कधी कोरे सही केलेले चेक दिले होते का, आठवा. दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून काढा. असा चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर पैसे भरायला तिथून १५ दिवस असतात आणि नंतर फौजदारी तक्रार होते, म्हणून तीही नोटीस त्याच दिवशी वकिलाकडे गेली पाहिजे. संयुक्त खात्याच्या चेकवर सही फक्त मिस्टरांची असेल तर ती जबाबदारी तुमच्यावर येत नाही; अपर्णा शाह प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं आहे. सोनंही तपासा. तुमचे दागिने मिस्टरांच्या नावे कुठे तारण आहेत का? असतील तर संबंधित शाखेला लेखी कळवा की हे स्त्रीधन आहे, आणि लिलावाची सूचना तुम्हालाही द्यावी.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ओरोसला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पगारदार शिक्षिकेलाही. जाताना नोटीस आली ते पाकीटही न्या. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख पुढे मुदत मोजताना लागते. मिस्टरांनी नौका, हप्ते, विक्री याबद्दल पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश पुसण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो आज रात्रीच काढा. तुमच्या नावावर आणखी कोणतं कर्ज किंवा जामीन आहे का, हे दुसऱ्या तारखेच्या आधी कळलेलं बरं. पतसंस्थांची कर्जं तिथे दिसतीलच असं नाही. म्हणून मिस्टरांनी आणखी कुठे तुमची सही घेतली होती, ते वर्षं आठवून आजच एका कागदावर लिहून काढा.